कणकेच्या हातांचं नेलआर्ट

नेलआर्टचे व्हिडिओ बघताना माझं लक्ष हमखास भलतीकडे जातं. या बाईच्या घरी भांडी कोण घासतं? बोटं निमुळती, नखं बदामी आकाराची आणि चांगली पेरभर पुढे आलेली, त्यांवर मोती, खडे, सोनेरी वर्ख. त्या नखांनी ती कॉफीचा मग धरते, केसांतून हात फिरवते, मोबाइलवर टकटक करते. मी मनातल्या मनात तिच्यापुढे कणकेची परात सरकवते. मग लसणाचे दोन गड्डे सोलायला देते. मग डब्याचं घट्ट बसलेलं झाकण. इतकं होईपर्यंत व्हिडिओ संपलेला असतो आणि मला उगाचच फार बरं वाटत असतं.

हा निव्वळ मत्सर आहे असं आमच्या कन्येचं म्हणणं. असेल थोडा. पण नखं रंगवायचा नाद मला तिच्या जन्माआधीपासून आहे, तेव्हा बोलायचा हक्क मी सोडत नाही. साताऱ्यात एका बँकेच्या कॅश काउंटरवर मी बसते. काचेपलीकडची माणसं माझ्या तोंडाकडे बघतच नाहीत, हातांकडे बघतात. त्यांचे पैसे तिथे असतात. घरी दोन्ही वेळचा स्वयंपाक माझ्याकडे. सकाळी भांड्यांच्या मावशी येतात, रात्रीची भांडी मी उरकते. असे हात आणि त्यावर नखांची हौस, दोन्ही सांभाळायचं तर व्हिडिओतलं जसंच्या तसं काहीही चालत नाही. आकार, रंग, लावायची वेळ, सगळं आपल्या हातांप्रमाणे बसवून घ्यावं लागतं. तसं बसवलं की मात्र छान जमतं.

खरा वैरी पाणी. पार्लरमध्ये मॅनिक्युअरची सुरुवातच कोमट साबणपाण्याच्या वाडग्यानं होते. हात बुडवून बसायला फार सुख वाटतं, पण नख दगडासारखं ठोस नसतं. ते पाणी पितं आणि फुगतं. फुगलेल्या नखावर रंग चढवला की नंतर नख वाळून मूळच्या मापाला येतं, वरचा रंगाचा पापुद्रा काही त्याच्याबरोबर आकसत नाही, आणि दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी कडेनं पोपडा सुटतो. भांडी घासताना, कपडे पिळताना हेच पुन्हा पुन्हा होतं. आमच्या काउंटरवर तर बोटं ओली करायला स्पंजची डबी असते. मोठ्या गड्ड्या मोजायला यंत्र आहे, पण दहा-वीसच्या मळक्या नोटा अजून हातानंच मोजाव्या लागतात. अंगठा आणि पहिलं बोट स्पंजाला, मग नोटेला, परत स्पंजाला. म्हणून माझं नेलपेंट नेहमी उजव्या अंगठ्यापासून उडायला लागतं. एखाद्या बाईचं नेलपेंट कुठल्या बोटाचं आधी उडालंय ते बघितलं की ती दिवसभर काय काम करते याचा बऱ्यापैकी अंदाज येतो. शिवणकाम करणारी असेल तर सुई ढकलणारं बोट.

म्हणून माझी वेळ ठरलेली आहे. दुसऱ्या आणि चौथ्या शनिवारी बँकेला सुट्टी, त्याची आदली रात्र. आधी भांडी, ओटा, उद्याची मटकी भिजत घालणं, सगळं आटपायचं. मग लगेच बाटली उघडायची नाही. तासभर हात कोरडे राहू द्यायचे. तेवढ्यात एखादी मालिका शिव्या घालत बघून होते. मग कापसाच्या बोळ्याला थोडं रिमूव्हर लावून दहाही नखं कोरडी पुसून घ्यायची. नखांवर जुना रंग नसला तरी पुसायची, कारण फोडणीच्या हाताला तेल असतंच, साबणानं धुतला तरी असतं. तेलावर रंग धरत नाही. ही एक पायरी चुकवली तर पुढचं सगळं पाण्यात.

आकाराचं म्हणाल तर आखूड नखं. बोटाच्या टोकाबरोबर किंवा केसभर पुढे, कडा सरळ आणि कोपरे घासून गोल केलेले. कानस एकाच दिशेनं चालवायची. करवतीसारखी पुढे-मागे फिरवली की नखाचे थर सुटतात आणि टोकाला साल निघायला लागते. नखाच्या मुळाशी असते त्या पातळ कातडीला मी हात लावत नाही. पार्लरमधल्या मुली चिमट्यानं ती सफाईनं कापून टाकतात, दिसतंही सुबक. पण ती कातडी म्हणजे नख आणि बोट यांच्यामधली फट बुजवणारी कड आहे. ती कापून संध्याकाळी खरकट्या पाण्यात हात घातला तर नखुरड्याला आमंत्रणच. रात्रभर ठसठसणारं बोट लिंबात खुपसून बसलेली माणसं ज्यांनी घरात बघितली आहेत त्यांना जास्त सांगायला नको. आंघोळीनंतर कातडी मऊ असते तेव्हा टॉवेलच्या कोपऱ्यानं हलकेच मागे लोटली की पुरे.

आता रंग. फ्रेंच मॅनिक्युअर नावाचा एक प्रकार आहे: अंगाला फिकट गुलाबी आणि टोकाला पांढरी कमान. नाव फ्रेंच असलं तरी तो घडला अमेरिकेत. 1975 च्या सुमारास ओर्ली या नेलपेंट कंपनीच्या जेफ पिंक यांनी तो हॉलिवूडच्या नट्यांसाठी आणला. शूटिंगमध्ये दर थोड्या वेळानं कपडे बदलायचे, तर नखांना असा रंग हवा जो कशावरही जाईल आणि प्रत्येक वेळी पुसून नवा लावावा लागणार नाही. कल्पना नामी. फक्त त्या नट्या वरणभात हातानं कालवत नसाव्यात. आमच्याकडे ती पांढरी कमान दुसऱ्या दिवशी पिवळी होते. हळदीचा रंग तेलात विरघळतो आणि मग जिथे मिळेल तिथे शिरून बसतो. वरून टॉपकोट, म्हणजे शेवटचा पारदर्शक थर, असला तरी त्या टॉपकोटलाच चढतो. हळदीचं कच्चेपण एवढंच की तिला ऊन सोसत नाही. दुपारी वाळवणापाशी हात उन्हात धरून बसलं की डाग फिका पडतो, तसाच, पांढऱ्या साडीवरचा पडतो त्या न्यायानं. पण नखांना ऊन द्यायला कोण बसणार? त्यापेक्षा मरून, विटकरी, गर्द निळा, शेवाळी लावावा. हळद अंगावर घेऊनही हे रंग तोंड पाडत नाहीत. गडद रंगाखाली मात्र बेसकोट, म्हणजे आधीचा बिनरंगी थर, हवाच, नाहीतर लाल रंग काढल्यावर नख आजाऱ्यासारखं पिवळट दिसतं आणि घरातलं कुणीतरी कावीळ तपासून घ्यायला सांगतं.

बाटलीतल्या त्या रंगाचा मूळ घटक नायट्रोसेल्युलोज. कापसासारख्या धाग्यावर नायट्रिक आम्लाची प्रक्रिया करून बनवतात. बंदुकीचा बिनधुराचा बार, जुन्या सिनेमांच्या पेट घेणाऱ्या फिल्मच्या रिळी आणि एकेकाळी मोटारींना द्यायचा चकचकीत रंग, ही सगळी त्याचीच भावंडं. इतक्या भडक घराण्यातला पदार्थ आपण देवघरासमोर बसून बोटांना लावतो, याची मला गंमत वाटते. (समई लावलेली असताना मात्र बसत नाही. बाटलीतलं द्रावण सहज पेट घेतं.) 1932 मध्ये अमेरिकेत रेव्हलॉन ही कंपनी सुरू झाली तीच मुळी एका नेलपेंटच्या जोरावर. त्याआधीचे रंग पारदर्शक, रंगीत पाण्यासारखे. यांनी रंगद्रव्य घालून अंग झाकणारा दाट रंग काढला. आपल्याकडे टाटांची लॅक्मे आली 1952 मध्ये. माझ्या आईच्या कपाटात तिची एकच मरून बाटली असायची. ती लग्नकार्यालाच निघायची आणि घट्ट झाली की तीत थोडं रिमूव्हर घालून पुन्हा चालवायची. तसं करू नये. रिमूव्हरनं रंगाची बैठकच मोडते. पण त्या पिढीला बाटली फेकायची हे सुचतच नसे.

लावायची रीत सांगते, कारण सगळी गंमत तिथे आहे. बाटली हलवायची नाही, हवेचे बुडबुडे नखावर येतात. दोन्ही तळव्यांमध्ये धरून रवीसारखी घुसळायची. आत दोन बारीक गोळ्या असतात, त्या खडखडतात आणि तळाचा रंग वर येतो. ब्रशची एक बाजू बाटलीच्या तोंडाला निपटून घ्यायची. पहिला फराटा नखाच्या मधोमध, मग दोन्ही कडांना एकेक. तीन फराट्यांत नख झालं पाहिजे. पहिला हात इतका पातळ की रंग जेमतेम दिसावा, मधूनमधून नख उघडं राहावं. इथेच नवशिक्यांचा धीर सुटतो आणि त्या दाट लिंपतात. दाट थर वरून वाळतो, आतून ओला राहतो, आणि सकाळी उठल्यावर नखांवर सोलापुरी चादरीची नक्षी उमटलेली असते. दोन किंवा तीन पातळ हात, मध्ये पाच-दहा मिनिटं, आणि प्रत्येक वेळी ब्रश नखाच्या टोकाच्या जाडीवरूनही फिरवायचा. ही कड बंद झाली की पाणी खालून शिरत नाही. कामाच्या हातांना ही एवढी गोष्ट बाकी सगळ्या थेरांपेक्षा जास्त तारते.

राहिला उजवा हात. तो डाव्या हातानं रंगवायचा असतो आणि तिथे भल्याभल्यांची त्रेधा उडते. दोन्ही कोपर टेबलावर रोवायचे, डाव्या हाताची करंगळी टेबलाला टेकवायची, आणि ब्रश जागेवर ठेवून बोटच ब्रशखालून हळू फिरवायचं. तरी रंग कातडीवर जातोच. जाऊ द्यावा. मुलांच्या चित्रकलेतला जुना बारीक ब्रश रिमूव्हरमध्ये बुडवून कडेनं फिरवला की रेघ नीट होते. आधीपासूनच काठ राखत बसलं तर हात थरथरतो.

आखूड नखावर चित्र कसलं काढणार, असं लोक म्हणतात. मला वारली सापडली. चित्रकार जिव्या सोमा मशे यांच्यामुळे जगभर गेलेली ती पालघर-डहाणूकडची चित्रं: गेरूच्या भिंतीवर तांदळाच्या पिठाच्या पांढऱ्या रेघा, तीही टोक ठेचलेल्या बांबूच्या काडीनं काढलेल्या. म्हणजे ब्रशची मिजास तिथेही नाही. मी विटकरी रंग लावून पूर्ण वाळू देते. पांढऱ्या रंगाचा थेंब प्लॅस्टिकच्या झाकणात काढते आणि टूथपिकचं टोक जेमतेम बुडवते. नखाच्या मधोमध एक उलटा त्रिकोण, त्याच्या टोकाला टोक लावून दुसरा सुलटा त्रिकोण, धड झालं. वर ठिपका, ते डोकं. खाली दोन फराटे, गुडघ्यात किंचित मोडलेले, आणि बाजूंना दोन हात थेट नखाच्या कडेपर्यंत नेलेले. झाकणातला थेंब मिनिटाभरात तार धरायला लागतो. तार धरली की तो टाकायचा आणि नवा घ्यायचा, नाहीतर डोक्याला शेपूट येतं. वारल्यांच्या तारपा नाचाचा मोठा वळसा नखावर मावत नाही, पण एकेका बोटावर एकेक नाचणारा मावतो. चार बोटं जुळवली की त्यांचे हात एकमेकांना लागतात. काउंटरवर गड्डी मोजताना ते चौघं नाचतात, आणि पैसे काढायला आलेले एक निवृत्त गुरुजी नोटा सोडून तेच बघत राहतात.

वारल्यांच्या लग्नात भिंतीवर काढतात तो चौक आणि त्यातली पालघट देवी मात्र मी नखावर काढत नाही. ते भिंतीचं आणि त्या घरच्या सवासणींचं काम. हौसेलाही उंबरठा असावा.

सासूबाईंना नेलपेंटचा वास सोसत नाही. त्यांचा पक्ष मेंदीचा. लग्नकार्य आलं की वाटलेली मेंदी त्या तळहातापेक्षा नखांवरच जास्त थापतात, आणि तळहाताची उतरली तरी नखांची केशरी झाक महिनोन्महिने राहते. मागच्या वर्षी मोतीबिंदूच्या ऑपरेशनला गेलो. नर्सबाईंनी बोटाला लावायचा तो ऑक्सिजन मोजणारा चिमटा हातात घेतला आणि थबकल्या. "आजी, नेलपेंट काढून या सांगितलं होतं ना?" सासूबाई शांतपणे म्हणाल्या, "नेलपेंट कुठंय, मेंदी आहे. काढून दाखवा." नर्सबाईंनी स्पिरिटचा बोळा फिरवून बघितला. मेंदीचा रंग नख ज्याचं बनतं त्या केराटिनलाच जाऊन बांधला जातो, वर बसत नाही, त्यामुळे पुसायला काही नसतंच. शेवटी चिमटा कानाच्या पाळीला लागला आणि ऑपरेशन पार पडलं. तो चिमटा नखातून उजेड आरपार सोडून मोजणी करतो, गडद रंग आड आले तर आकडा चुकू शकतो, आणि भूल देणारे डॉक्टर ओठांबरोबर नखांचाही रंग बघतात. तेव्हा दवाखान्याच्या आदल्या दिवशी नखं कोरी, हे माझं पथ्य. सासूबाईंनी मात्र ही हकिकत मेंदीची जीत म्हणून सगळ्या भिशीला सांगितली आहे.

कन्या अकरावीत आहे आणि तिला जेलचा दिवा हवाय. ऑनलाइन किटमध्ये बाटल्या आणि दिवा मिळून स्वस्तात येतं. जेल वाळत नाही, दिव्याच्या अतिनील किरणांनी त्यातले रेणू एकमेकांना जोडले जाऊन घट्ट होतात. म्हणून ते दोन-तीन आठवडे टिकतं आणि भांड्यांनाही दाद देत नाही. मान्य. पण कच्चं राहिलेलं जेल कातडीला लागत गेलं तर त्यातल्या अ‍ॅक्रिलेटची अ‍ॅलर्जी होऊ शकते, आणि एकदा जडली की ती सहसा जात नाही. पुढे दाताच्या उपचारात किंवा सांध्याच्या शस्त्रक्रियेत त्याच जातीची रसायनं लागली तर पंचाईत. घरी हाच धोका जास्त, कारण काठावर रंग सांडणं आपलं ठरलेलंच. जेल घट्ट व्हायला मदत करणारं टीपीओ नावाचं एक रसायन युरोपीय संघानं 1 सप्टेंबर 2025 पासून सौंदर्यप्रसाधनांत बंदच केलं. हे सगळं मी तिला सांगितलं. तिनं शांतपणे ऐकून विचारलं, "म्हणजे पार्लरमध्ये करून घेऊ?" वाटाघाटी चालू आहेत. उरलं काढायचं. जेल ओरबाडून काढलं की नखाचा वरचा थर सोबत येतो. आणि दोन रंगांच्या मध्ये नखांना श्वास घेऊ द्यावा वगैरे जे म्हणतात ते खरं नाही. नखाला जे लागतं ते खालच्या रक्तातून मिळतं. विश्रांती हवी ती रिमूव्हरपासून, कारण ते नख कोरडं करतं. रात्री खोबरेल चोळावं, झालं.

सगळ्यात जास्त नखं मी एका दिवसात बघितली ती 20 नोव्हेंबर 2024 ला. विधानसभेची निवडणूक ड्यूटी, गावातली जिल्हा परिषदेची शाळा, आणि माझ्याकडे मतदान अधिकारी क्रमांक दोनचं काम: नोंदवहीत सही घ्यायची आणि डाव्या हाताच्या तर्जनीला शाई लावायची. शाई म्हैसूरची. 1962 च्या निवडणुकीपासून ती तिथल्याच सरकारी कारखान्यातून येते. तिच्यात सिल्व्हर नायट्रेट असतं, ते उजेडात काळं पडतं. रेघ नखाच्या टोकापासून खाली पहिल्या पेरापर्यंत ओढायची. बोटाला तेलकट काही लावलेलं असेल तर आधी फडक्यानं पुसायचं. म्हणजे माझ्या शुक्रवार रात्रीचेच नियम, फक्त निवडणूक आयोगाचे. मे महिन्यातल्या लोकसभेची खूण कुणाच्याच नखावर नव्हती. हाताचं नख महिन्याला साधारण तीन मिलिमीटर वाढतं, पाच-सहा महिन्यांत मुळापासून टोकापर्यंत सगळं नवं.

सकाळपासून एकेक बोट धरायचं, रेघ ओढायची, सोडायचं. उसाच्या पानांनी चिरलेली बोटं. मातीनं कडा कायमच्या काळ्या झालेली नखं. एक नख उभं दुभंगलेलं, दारात कधीतरी सापडलेलं. कॉलेजच्या मुलींची लांब, चिकटवलेली, चमकीची. नव्या सुनेची ताजी लाल, तिनं हळूच विचारलं, "मॅडम, नखाच्या जरा खालनं लावता का?" नियम सांगून रेघ नखावरूनच ओढावी लागली. पण मला आवडले ते मधले हात, आणि तेच जास्त होते. शेतात आणि घरात राबणाऱ्या बायकांचे. दिवाळीला लावलेलं गुलाबी, आता निम्मं उडालेलं, टोकाला काही नाही आणि मुळाशी बेटासारखं उरलेलं. त्या लपवत होत्या, बोट पुढे करताना बाकीची मुठीत घेत होत्या. कशाला? तीन आठवडे सोयाबीन, गोठा, चूल यांतून गेलेलं नेलपेंट ते. व्हिडिओवाल्या बाईचं एक दिवस टिकून दाखवावं.

दुपारच्या गर्दीत अशाच एका बाईनं बोट माझ्या हातात दिलं आणि माझीच नखं बघत राहिली. वारली होती त्या दिवशी, अंगठ्यावरच्या नाचणाऱ्याचा एक पाय उडालेला.

"ही बाहुली कुणी काढली?"

"मीच."

"उजव्यावरची पण? डाव्या हातानं?"

"हो."

मागून कुणीतरी "चला की वो" म्हणालं. केंद्राध्यक्ष खाकरले. मी शाईची रेघ ओढली, चिठ्ठी तिच्या हातात दिली. तिचा पाय काही हलेना.

"सुईनं काढता का काडीनं?"

"काडीनं. दात कोरायची असते ना, तिनं."

"मग जमंल की," ती म्हणाली आणि मत द्यायला गेली.